सम्पवाल्या माशांच्या टाकीची गुळगुळ आणि फ्लशसारखा आवाज कसा बंद करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॉलमध्ये ४ × १.५ × १.५ फुटांची, गोड्या पाण्यातल्या माशांची टाकी. कोपऱ्यात ओव्हरफ्लो बॉक्स, म्हणजे टाकीतलं वरचं पाणी दातऱ्यांवरून ज्यात पडतं तो कप्पा. त्याच्या तळाला दोन होल. एकातून ३२ मिमी पाइप (ड्रेन) पाणी खाली सम्पमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या फिल्टरच्या टाकीत नेतो. त्याच्या वरच्या टोकाला टी, टीवर एंड कॅप आणि कॅपला बारीक भोक. दुसऱ्या होलमधून २५ मिमी पाइप (रिटर्न) पंपाचं पाणी वर आणतो. पंपाच्या खोक्यावर ३००० लिटर/तास लिहिलंय. दिवसा काही वाटत नाही, रात्री मात्र सतत गुळगुळ आणि दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी फ्लश ओढल्यासारखा आवाज. कॅबिनेटला आतून फोम चिकटवला, तरी फरक नाही.

फोमने फरक पडणारच नव्हता. पाण्याने पूर्ण भरलेल्या पाइपातून तासाला हजार लिटर पाणी गेलं तरी कानाला काही कळत नाही. आवाज सुरू होतो तो त्या पाइपात हवा शिरली की. पाण्यातला प्रत्येक बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत स्वतःच्या एका सुरात वाजतो, आणि तो सूर बुडबुड्याच्या आकारावर ठरतो. हे गणित मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये मांडलं. पृष्ठभागाजवळ १ मिमी त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३३०० हर्ट्‌झवर वाजतो, १ सेंमी त्रिज्येचा ३३० हर्ट्‌झच्या आसपास. पहिल्याची फसफस पातळ फोम थोडीफार शोषतो, दुसऱ्याची गुळगुळ त्याला दादच देत नाही. म्हणून पाइपातल्या हवेचं काय करायचं, ते आधी ठरवायला हवं. एक तर तिला पाइपात मुळीच येऊ द्यायचं नाही, नाही तर तिला मोकळी वाट द्यायची. तुमच्या पाइपात यातलं एकही होत नाहीये.

आवाज नेमका कुठला, हे पाच मिनिटांत कळतं. टाकी चालू असताना कॅपच्या भोकावर बोट ठेवा. काही सेकंदांत आवाजाची जात बदलली तर दोष ड्रेनचा. मग पंपाचा पाइप धरून पंप सम्पच्या तळापासून अर्धा सेंमी उचलून धरा. घुमणारा आवाज कमी झाला तर ते पंपाचं कंपन. शेवटी सम्पमध्ये एक-दोन बादल्या पाणी जास्तीचं घाला, अर्थात खाली जागा असेल तरच. खळखळ थांबली तर सम्पच्या एका कप्प्यातून दुसऱ्यात पाणी पडतं ती उंची, म्हणजे पडझड, जास्त आहे. बहुतेक टाक्यांत हे तिन्ही थोडे थोडे असतात आणि सर्वांत मोठा आवाज बाकीचे झाकतो. तो बंद झाला की खालचे ऐकू येऊ लागतात, तेव्हा बिघडलं असं समजू नका.

तुमच्याकडे आहे त्या, वर टी आणि भोकाची कॅप असलेल्या ड्रेनला डर्सो पाइप म्हणतात. तो का फ्लश होतो ते नीट समजून घ्या, कारण उपाय त्यातच आहे. पाणी कमी असेल तेव्हा ते उभ्या पाइपाच्या भिंतीला धरून पातळ थराने उतरतं आणि मधोमध हवेचा खांब राहतो. अशा वेळी पाइप जवळपास गप्प असतो. इमारतीच्या सांडपाण्याचे उभे पाइपसुद्धा असेच, एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भरतील इतकंच पाणी धरून बसवतात. पाणी वाढलं की तो थर जाड होतो, एखाद्या ठिकाणी दोन्ही बाजूंचं पाणी मधे भेटतं आणि पाइपात बूच बसतं. ते बूच खाली जाताना मागे निर्वात ओढ निर्माण करतं, वरून कॅपच्या भोकातून हवा पुरेशी येत नाही, म्हणून पाइप बॉक्समधलं पाणी जोरात खेचतो. हा तुमचा फ्लश. बॉक्समधली पातळी टीच्या तोंडाखाली गेली की हवा आत शिरते, ओढ तुटते, पातळी पुन्हा चढते, आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा तेच. भोक लहान असेल तर हा फेरा होतो. भोक जास्त मोठं केलं तर फेरा थांबतो, पण हवा-पाण्याची घुसळण होऊन सतत गुळगुळ राहते.

म्हणजे दोन गोष्टी हातात आहेत: पाणी किती सोडायचं आणि भोक किती ठेवायचं.

आधी पाणी. खोक्यावरचे ३००० लिटर हे शून्य उंचीवरचे असतात. १.२-१.३ मीटर वर चढवताना, दोन-तीन एल्बोंमधून जाताना त्यातले निम्मेही हाती लागतातच असं नाही. अंदाज करू नका, मोजा. रिटर्नच्या तोंडाला नळी लावून, टाकीत पडतं त्याच उंचीवर २० लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. ६० सेकंदांत भरली तर १२०० लिटर/तास, ४८ सेकंदांत भरली तर १५००. तुमची टाकी काठापर्यंत साधारण २५५ लिटरची. गोड्या पाण्यात सम्पमधून तासाला चार-पाच वेळा पाणी फिरलं तरी पुष्कळ, म्हणजे १००० ते १२००. त्याहून जास्त पाणी सम्पमधून फिरवून फिल्टरेशन सुधारत नाही, आवाज मात्र वाढतो. टाकीत जोराचा प्रवाह हवा असेल तर तो वेव्हमेकरने (टाकीतच लावायच्या प्रवाहाच्या पंपाने) द्या, ड्रेनकडून मागू नका. ३२ मिमीचा डर्सो साधारण १००० लिटर/तासाच्या आत शहाण्यासारखा वागतो, त्यापुढे त्याला कितीही ट्यून केलं तरी तो बोलतोच.

पाणी कमी करायला पंपाच्या पुढे, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या बाजूला व्हॉल्व्ह चालतो. पंपाच्या तोंडाकडे, पाणी ओढतो तिथे कधीही अडथळा नको. त्याने पंपात हवा धरते आणि तो कर्कश होतो. याहून चांगला उपाय म्हणजे रिटर्न पाइपला सम्पच्या वर एक टी बसवून छोटा नळ (बायपास) जोडायचा आणि जास्तीचं पाणी सम्पमध्येच परत सोडायचं. पुढे हाच नळ बारीक समायोजनाला उपयोगी पडेल.

मग भोक. कॅपला ५ मिमीचं भोक पाडून त्यात एअरपंपाच्या नळीचा तुकडा घट्ट बसवा आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेचा छोटा प्लास्टिक व्हॉल्व्ह लावा. पूर्ण उघडा ठेवून पंप सुरू करा, पाच मिनिटं थांबा, मग थोडा थोडा बंद करत जा. गुळगुळ कमी होत होत एका जागी पाणी बॉक्समध्ये किंचित वर चढून स्थिर होतं. तीच जागा. त्यापुढे अर्धा फेरा गेला की फ्लश सुरू होतो, मग तेवढाच मागे या. दर फेऱ्यानंतर दोन मिनिटं तरी थांबा. घाईने फिरवलं की कुठल्या फिरवण्याचा परिणाम दिसतोय तेच कळत नाही.

याच बैठकीत ओव्हरफ्लो बॉक्सची उंचीही बघा. दातऱ्यांवरून पडणारं पाणी बॉक्समधल्या पाण्यावर किती खाली पडतंय? पंधरा-वीस सेंमी पडत असेल तर तो छोटा धबधबाच आहे. उभा पाइप तेवढा लांब कापून बसवा, पडझड २ ते ४ सेंमीवर आणा.

एवढं केल्यावर दिवाणखान्यातली बहुतेक माणसं समाधानी होतात. टाकी झोपायच्या खोलीत असेल किंवा तुम्हाला १२००-१५०० लिटर पाणी फिरवायचंच असेल, तर डर्सो सोडून पूर्ण सायफनवर जा, म्हणजे पाइप हवेशिवाय, पाण्याने गच्च भरून वाहू द्या. तुमच्याकडे दोन होल आहेतच, त्यामुळे काचेला नवं होल पाडायची गरज नाही. ज्यांच्याकडे एकच होल आहे त्यांनी नवीन पाडण्याआधी तळाची काच टफन्ड नाही याची टाकी बनवणाऱ्याकडून खात्री करून घ्यावी. टफन्ड काचेला ड्रिल लागलं की ती क्षणात चुरा होते.

या पद्धतीला हर्बी म्हणतात. रिटर्नचा पाइप होलमधून काढून टाकीच्या मागच्या काठावरून आत आणायचा. मोकळा झालेला २५ मिमीचा होल सायफनला आणि ३२ मिमीचा आपत्कालीन पाइपाला. लोकांना हे उलटं वाटतं, मुख्य काम मोठ्या पाइपाला द्यावंसं वाटतं. पण पाण्याने गच्च भरलेला पाइप हवा-पाणी मिसळून वाहणाऱ्या पाइपाच्या कितीतरी पट पाणी नेतो. सम्पपर्यंत ७०-८० सेंमीची उतरण असेल तर २५ मिमीचा पाइप सायफनमध्ये दीड हजार लिटर सहज खेचतो. सायफन तुंबलाच तर सगळं पाणी हवेसकट दुसऱ्या पाइपातून जायचं असतं, म्हणून मोठा होल त्याला.

सामान आणताना मापात फसू नका. हार्डवेअरच्या दुकानात "एक इंची" म्हटलं की तीन वेगळ्या वस्तू हातात पडू शकतात: ३२ मिमीचा पीव्हीसी, ३३.४ मिमीचा यूपीव्हीसी आणि २८.६ मिमीचा सीपीव्हीसी. ही तिन्ही बाहेरची मापं आहेत आणि तिघांच्या फिटिंग्ज एकमेकांत बसत नाहीत. ३२ चा पाइप ३३.४ च्या सॉकेटमध्ये सॉल्व्हंट सिमेंट थापून बसवला की तो पहिल्या महिन्यात गळतो. घरी आहे त्या पाइपाचा बोटभर तुकडा सोबत न्या. टँक निपलचा (होलमध्ये बसवायच्या जोडाचा) रबर वॉशर फ्लँजच्या, म्हणजे त्याच्या रुंद कडेच्या बाजूला, म्हणजे फ्लँज आणि काच यांच्यामध्ये. नट हाताने घट्ट, वर पाव फेरा. पाना लावून आवळला तर काच तडकते.

व्हॉल्व्ह हाच या सगळ्याचा प्राण. तो गेट व्हॉल्व्ह हवा, चाक फिरवून हळूहळू उघडणारा. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात पूर्ण उघडतो, त्यामुळे केसभर हलवलं तरी पातळी चार बोटं खाली-वर होते. अडचण अशी की दुकानात गेट व्हॉल्व्ह मिळतो तो बहुधा पितळी किंवा गनमेटलचा. त्यातलं तांबं कोळंबी आणि गोगलगायींना घातक, समुद्री टाकीत तर अजिबात नको. यूपीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह ऑनलाइन मिळतो, दोन युनियनसकट (खोलता येणाऱ्या जोडांसकट) घ्या, म्हणजे साफ करायला काढता येईल. तो मिळालाच नाही तर बॉल व्हॉल्व्हने ढोबळ पातळी लावा आणि बारीक काम रिटर्नवरच्या त्या बायपास नळाने करा. डीसी पंप असेल तर त्याच्या कंट्रोलरनेही जमतं.

मांडणी अशी. आपत्कालीन पाइप सरळ, वर उघडा, तोंड दातऱ्यांच्या खाली २-३ सेंमी, त्यावर व्हॉल्व्ह कधीही नाही. सायफनच्या पाइपाचं तोंड त्याच्याखाली १२ ते १५ सेंमी, त्यावर जाळी. तोंड पृष्ठभागाच्या फार जवळ ठेवलं तर भोवरा होऊन हवा ओढली जाते, फार खाली ठेवलं तर वीज गेल्यावर बॉक्समधलं जास्तीचं पाणी सम्पमध्ये उतरतं. गेट व्हॉल्व्ह खाली, सम्पच्या वर, हात पोचेल तिथे. खाली येताना आडवे पाइप टाळा, वळणं ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ च्या दोन एल्बोंनी घ्या. सायफनचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात फक्त २-३ सेंमी बुडवा. जोडताना आधी सगळं सुकं बसवून बघा, खुणा करा, मग सिमेंट लावा, आणि पाणी सोडायला २४ तास थांबा.

आता सुरू करणं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पंप चालू. एक-दोन मिनिटं पाइपातली हवा खालून भकाभका बाहेर पडेल, हे व्हायलाच हवं. नंतर सायफन लागेल, बॉक्समधली पातळी झपझप उतरेल आणि तोंड उघडं पडून घुर्रर्र करून हवा ओढेल. आता व्हॉल्व्ह पाव-पाव फेऱ्याने बंद करा, दर वेळी दोन-तीन मिनिटं वाट बघा. पातळी चढत चढत आपत्कालीन पाइपाच्या काठाशी येईल. तिथे ती अशी लावा की काठावरून पाण्याची एक पातळ चादर, बोटाने जाणवेल न जाणवेल इतकी, आत उतरत राहील. तो पाइप कोरडा ठेवण्याचा अट्टाहास करू नका. या चादरीमुळेच सेटिंग टिकतं, कारण पंपाचा प्रवाह दिवसभरात थोडा कमी-जास्त झाला तरी फरक ती चादर सोसते. आणि भिंतीला धरून उतरणारं इतकं कमी पाणी आवाज करत नाही.

मग एक परीक्षा चुकवू नका. पंप चालू ठेवून गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि दहा मिनिटं तिथेच उभे राहा. सगळं पाणी आपत्कालीन पाइपाने गेलं पाहिजे, टाकीची पातळी काठाच्या खाली स्थिर राहिली पाहिजे. आवाज होईल, होऊ द्या. तो आवाजच सायफन तुंबल्याचा तुमचा भोंगा आहे. पाणी काठाकडे चढत राहिलं तर तुमचा पंप या प्लंबिंगला मोठा आहे, बायपास आणखी उघडा आणि परत तपासा.

वीज गेल्यावर किती पाणी खाली येतं, तेही मोजून ठेवा. तुमच्या टाकीचा पृष्ठभाग साधारण १२२ × ४६ सेंमी, म्हणजे १ सेंमी पाणी उतरलं की ५.६ लिटर. पातळी ४ सेंमी उतरली तर २२ लिटर, वर बॉक्स आणि पाइपातलं वेगळं. तेवढी जागा सम्पमध्ये कायम मोकळी हवी. रिटर्न पाइप आता काठावरून येतो, त्यामुळे त्याचं तोंड पृष्ठभागाखाली फक्त १-२ सेंमी ठेवा. सायफन तोडायला त्यात भोक पाडलं असेल तर ते पाण्याच्या जरा खाली आणि खालच्या दिशेने असू द्या. अगदी पाण्याच्या रेषेवर आलं तर त्यातून बारीक सूं-सूं येत राहतं, आणि शेवाळाने बुजलं तर वीज गेल्यावर फरशीवर पाणी येतं.

वीज आल्यावर सायफन आपोआप लागायला हवा. नाही लागला तर कारण बहुतेक वेळा एकच असतं: खालचं टोक पाण्यात फार खोल आहे आणि हवेला बाहेर पडायला जोर पुरत नाही. टोक कापून वर घ्या. मधे आडवा पाइप असेल तर तिथेही हवेची पिशवी अडकते.

तीन होलवाल्यांसाठी बीनअॅनिमल पद्धत आहे: एक पूर्ण सायफन, एक थोडं पाणी नेणारा उघडा पाइप, एक कोरडा. उघड्या पाइपाच्या हवेच्या नळीचं तोंड बॉक्समध्ये थोडं वर ठेवलेलं असतं. पाणी चढून ते बुडालं की हवा बंद होते आणि तोही सायफन होतो. सुरक्षिततेत ही सर्वांत वरची, पण दोन होलच्या टाकीत तिच्यासाठी काचेला तिसरं होल पाडू नका.

ड्रेन शांत झाला की सम्प ऐकू येईल. डर्सोच ठेवणार असाल तर खालच्या पाइपाला पाण्याच्या जरा वर टी लावून तिचं वरचं तोंड उघडं ठेवा, हवा तिथून निघून जाते आणि पाण्यात बुडबुडे फुटत नाहीत. कप्प्यांमधली पडझड २ सेंमीच्या आत ठेवा, नाहीतर आडव्या काचेवर खरखरीत स्पंजची पट्टी अडकवा, म्हणजे पाणी पडण्याऐवजी स्पंजवरून घरंगळतं. बाष्पीभवनाने पाणी कमी होतं ते पंपाच्या कप्प्यातलंच, त्यामुळे तिथली पडझड रोज वाढत जाते. विदर्भातल्या उन्हाळ्यात सकाळी शांत असलेली टाकी संध्याकाळी खळखळू लागते ती यामुळे. ऑटो टॉप-अप (कमी झालेलं पाणी आपोआप भरणारं साधन) लावा किंवा काचेवर खूण करून रोज तेवढं पाणी भरा. पातळी फारच उतरली तर पंपाच्या तोंडाशी भोवरा होतो आणि टाकीभर बारीक फेस येतो.

पंपाची गुणगुण वेगळी असते. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर एसी पंप १०० हर्ट्‌झवर घुमतो, आणि कॅबिनेटची पातळ मागची प्लाय तबल्यासारखी त्याला साथ देते. पंपाखाली जाड सिलिकॉनचा तुकडा ठेवा, पंप सम्पच्या भिंतीला टेकू देऊ नका, आणि पंप व कडक पाइप यांच्यामध्ये १०-१५ सेंमी मऊ सिलिकॉन नळी क्लिपने जोडा. सर्वांत मोठा फरक या नळीने पडतो. पाइप प्लायच्या भोकातून जातो तिथे तो लाकडाला घासू नये, रबर गुंडाळा. सम्पच्या खाली १० मिमी ईव्हीए शीट. आवाज गुणगुणीऐवजी खरखर असेल तर इम्पेलर (पंपातलं फिरतं पातं) काढा. बोअरच्या जड पाण्यात त्याच्या दांड्यावर चुन्याचा थर बसतो. अर्धा तास व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात ठेवून ब्रशने घासा. वीज गेल्यावरच पंप घरघरतो अशी तक्रार असेल तर पंपाला दोष देऊ नका, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर असे पंप घरघरतातच. साइन वेव्ह लागतो.

सायफनचं सेटिंग पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा हलतं, कारण पाइपाच्या आत जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो आणि प्रवाह कमी होतो. नंतर महिन्यातून एकदा पातळ चादर जागेवर आहे का, एवढंच बघायचं. ती जाड झाली तर आधी सायफनच्या जाळीवर पान किंवा गोगलगाय अडकली आहे का ते पाहा. चादर नाहीशी झाली तर पंप साफ करा. ही दोन्ही कारणं नसतील तरच व्हॉल्व्हला हात लावा.